गारगोटी

किनवट सोडलं की रस्ता सागवानात शिरतो,
फोनची रेंज जिथे पहिल्यांदा तुटते तिथे आमची आश्रमशाळा.
मी मूळचा औशाचा. आमच्याकडे जंगल म्हणजे
ओढ्याकाठच्या चार बाभळी.

इयत्ता आठवी, भूगोल.
नकाशाची वरची दांडी मोडलेली,
म्हणून उत्तर अमेरिका कायम अर्धी गुंडाळलेली.
धडा पर्वतांचा. रॉकी : लांबी, उंची, खनिजे. दोन गुण.
लिंगू तोडसाम उभा राहिला,
"सर, तिथं कोण ऱ्हात व्हतं?"

पुस्तकात नव्हतं.
आठ दिवस लागले मला
एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला.

मग सांगितलं :
यूट म्हणतात त्यांना, पण हे नाव लोकांनी ठेवलेलं.
ते स्वतःला म्हणतात नूच, म्हणजे माणसं.
मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलं, "कोयतूर."
वर्ग हसला नाही.
अकरा वर्षं शिकवतोय इथे,
हजेरीपटात हा शब्द कधी लिहिला नव्हता मी.

सांगितलं : वसंतात तिकडे अस्वल जागं होतं,
खाचा पाडलेल्या काठीवर काठी घासतात,
गुरगुर उठते जमिनीतून,
आणि जोडीदार बाईने निवडायचा, पुरुषाने नाही.
(इथे मुली एकमेकींच्या पाठीत तोंड लपवून हसल्या.)
नाच संपला की अंगावरचं पीस
झाडाला अडकवून जायचं,
वर्षभराचं दुखणंखुपणं त्याच्यासोबत तिथेच.
"आमच्या दंडारीत पिसं टोपाला ऱ्हातेत,"
सुगंधा गेडाम म्हणाली, "मोराची.
दुखणं मंग कुठं ठिवावं?"
याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पुढचं सांगताना मी खडूशी खेळत होतो.
करार झाले. डोंगरात सोनं निघालं. पुन्हा करार झाले.
एका साहेबाला वाटलं, यांनी शेतकरी व्हावं,
म्हणून त्याने घोड्यांच्या शर्यतीचं कुरण नांगरायला काढलं.
रक्त सांडलं.
दोन वर्षांत सैन्याने माणसं हाकलली पश्चिमेकडे,
ओसाडीत.
तिथल्या राज्याला आज त्यांचंच नाव आहे.

"नाव ठिवून घेतलं," लिंगू म्हणाला,
"अन् माणसं?"
मग खिडकीबाहेर बोट :
"आमच्या पोडामागं बी मुनारा हाय, सर.
निजामाच्या टायमाचा. चुना दर साली नवा.
त्याच्या पल्याड मोहाचं झाड,
आज्याच्या आज्यानं नाव ठिवलेलं त्याला.
फूल इकडं पडलं तर आमचं,
तिकडं पडलं तर गार्ड येतो."

मी फळ्यावर एक रेघ ओढली होती, सीमा दाखवायला.
पुसली. पुसट राहिलीच.

शेवटी सांगितलं खुळखुळ्याचं :
रानरेड्याच्या कातड्याची पिशवी, आत डोंगरातले स्फटिक,
अंधारात हलवली की स्फटिक एकमेकांवर आदळतात
आणि पातळ कातड्यातून उजेड झिरपतो.
स्फटिक म्हणजे काय, कुणीतरी विचारलं.
म्हणालो, गारगोटी.

सुगंधा न विचारता बाहेर गेली.
परत आली तेव्हा ओढणीत सात-आठ पांढरे दगड,
नाल्यातले, अजून ओले.
पोरांनी खिडक्या लोटल्या,
फटींना दप्तरं लावली,
दाराला मी पाठ लावून उभा राहिलो.

घासले.
काही नाही. कुणीतरी खोकलं.
पुन्हा घासले, जोर लावून,
आणि दगडाच्या पोटात
फिकट पिवळं काहीतरी हललं,
जळाल्यासारखा वास आला,
ठिणगी बाहेर पडलीच नाही,
उजेड आतल्या आतच.

बेचाळीस पोरं श्वास धरून.
माझा हात मागे कडीवर.
तासाची घंटा झाली.
कुणीच उठलं नाही,
मीही दार उघडलं नाही.